मातीतील चांदी

पावसाळ्यात नदीचे किंवा विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे त्यात तुरटीचा खडा फिरवितात. थोड्याच वेळात गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते. दाढी केल्यावर न्हावी हाच खडा गालावरून फिरवितो. हा पांढरा खडा मनुष्याला फार प्राचीन काळापासून माहीत आहे. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारी तो वापरीत असत आणि कातडे कमाविणारेही वापरीत असत. परंतु या खड्याच्या पोटात एक धातू दडून बसला आहे, अशी शंका हजारो वर्षे कोणालाही आली नाही.

तो धातू म्हणजे ॲल्युमिनिअम. खेड्यापाड्यांतून याच्या भांड्यांना 'जर्मनची भांडी' म्हणतात. पृथ्वीच्या कवचातील खडक आणि माती यांच्या शंभर भागांत सुमारे आठ भाग या धातूचे आहेत. लोखंडाचे भाग पाचच भरतात. चिकणमाती तुडविणारा कुंभार, विटा पाडणारा मजूर आणि चिखलात नांगर धरणारा शेतकरी हे सारेच रोज त्याला स्पर्श करीत होते. असे असूनही तांबे आणि लोखंड मनुष्याच्या हाती येऊन हजारो वर्षे लोटल्यावर, म्हणजे १८२५ साली, या धातूचा पहिला गोळा कोणाच्या तरी दृष्टीस पडला.

इतका विलंब का लागला? लोखंडाचे खनिज म्हणजे प्राणवायूशी जखडलेले लोखंड. ते कोळशाबरोबर भट्टीत तापविले असता कोळसा प्राणवायूला आपल्याकडे ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. ही युक्ती आपल्या पूर्वजांना उत्तम साधली होती. ॲल्युमिनिअमने मात्र प्राणवायूला अशी काही घट्ट मिठी मारलेली असते, की लोहाराचा भाता कितीही जोराने चालला तरी ती सुटत नाही. प्राणवायूशी जडलेल्या या ॲल्युमिनिअमला 'ॲल्युमिना' म्हणतात. तो पांढऱ्या भुकटीसारखा असून सुमारे २०५० अंश सेल्सिअस इतक्या प्रचंड उष्णतेशिवाय वितळतही नाही.

तुरटीत आणि चिकणमातीत चुन्याहून वेगळी अशी एक पांढरी माती आहे, हे जर्मन रसायनज्ञ मार्गग्राफ याने १७५४ साली दाखवून दिले. पुढे इंग्लंडमध्ये सर हम्फ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने त्या मातीतून धातू काढण्याची पुष्कळ खटपट केली. धातू काही हाती आला नाही. तथापि न सापडलेल्या त्या धातूला त्याने १८०८ साली नाव मात्र देऊन टाकले. बारसे आधी आणि जन्म मागाहून, असा हा विलक्षण प्रकार होता.

जन्म झाला तो डेन्मार्कमध्ये. विद्युत्प्रवाहाजवळ चुंबकसूची हलते हे दाखवून कीर्ती मिळविलेल्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड याने १८२५ साली निराळी वाट धरली. त्याने ॲल्युमिनिअमची क्लोरीनशी जोडी लावली आणि त्या पदार्थात पाऱ्यात विरघळविलेले पोटॅशियम मिसळून ते मिश्रण तापविले. पोटॅशियम हा धातू अतिशय हावरा असल्यामुळे त्याने क्लोरीन हिसकावून घेतला. उरलेला पारा तापवून उडवून लावल्यावर कथिलासारखा दिसणारा एक लहानसा गोळा मागे राहिला.

ओर्स्टेडने हे काम पुढे चालविले नाही. १८२७ साली फ्रीड्रिख व्होलर हा तरुण जर्मन रसायनज्ञ त्याला भेटण्यास कोपनहेगनला गेला असता, या विषयावर पुढे काम करण्यास त्याने त्याला मोकळ्या मनाने मुभा दिली. व्होलरने त्याच वर्षी हा धातू करड्या भुकटीच्या रूपाने मिळविला. पण भुकटीवरून धातूचा स्वभाव कसा कळणार? ती ठोकता येईना, तिची तार ओढता येईना. व्होलरने चिकाटी सोडली नाही. तब्बल अठरा वर्षांनंतर, १८४५ साली, टाचणीच्या डोक्याएवढे काही मणी त्याला लाभले. त्यांचे वजन करून पाहताच एक आश्चर्य बाहेर पडले. हा धातू लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचा होता! चांदीप्रमाणे चकाकणारा, न गंजणारा आणि इतका हलका धातू तोपर्यंत कोणी हाती धरलेला नव्हता.

यानंतर फ्रान्समधील आंरी सेंत-क्लेर दव्हील याने महागड्या पोटॅशियमऐवजी सोडियम वापरून १८५४ साली हा धातू थोड्या मोठ्या प्रमाणावर काढला. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या भव्य प्रदर्शनात त्याच्या कांड्या मांडण्यात आल्या. मातीतून निघालेली ही चांदी पाहण्यास लोकांची रीघ लागली. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन तर या धातूवर बेहद्द खूश झाला. आपल्या सैनिकांना या हलक्या धातूची शिरस्त्राणे द्यावीत असे त्याच्या मनात होते, म्हणून त्याने दव्हीलला सढळ हाताने पैसा पुरविला. त्याच्या मेजवानीत विशेष मानाच्या पाहुण्यांपुढे ॲल्युमिनिअमचे काटे-चमचे मांडीत आणि इतरांना सोन्या-चांदीच्या चमच्यांवर समाधान मानावे लागे, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या काळच्या भावाची कल्पना तिच्यावरून चांगली येते. दव्हीलच्या मनाचा मोठेपणाही येथे सांगितला पाहिजे. आपण काढलेल्या धातूचे एक पदक त्याने घडविले आणि त्यावर स्वतःचे नाव न घालता 'व्होलर' हे नाव व '१८२७' हे साल कोरविले.

सैनिकांची शिरस्त्राणे काही झाली नाहीत. सोडियमही स्वस्त नव्हतेच. १८८४ साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे जॉर्ज वॉशिंग्टनच्या स्मारकाचा उत्तुंग मनोरा पुरा झाला, तेव्हा त्याच्या टोकावर ॲल्युमिनिअमचा एक छोटा पिरॅमिड बसविण्यात आला. त्याचे वजन तीन किलोग्रॅमसुद्धा नव्हते. तरीही तो न्यूयॉर्कमध्ये एका जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवला होता, कारण त्या वेळी या धातूचा भाव चांदीच्या भावाच्या जवळपास होता.

याच सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यात, ओबर्लिन या लहानशा गावी, चार्ल्स मार्टिन हॉल नावाचा एक विद्यार्थी महाविद्यालयात शिकत होता. त्याचा जन्म १८६३ सालचा. वडील धर्मोपदेशक असल्याने घरी श्रीमंती नव्हती. परंतु वडिलांच्या फळीवर रसायनशास्त्राचे एक जुने पुस्तक होते आणि ते लहानपणीच चार्ल्सच्या हाती पडले होते. महाविद्यालयात प्राध्यापक फ्रँक ज्यूएट हे रसायनशास्त्र शिकवीत. व्होलर ज्या जर्मन विद्यापीठात अध्यापन करीत असत, तेथेच ज्यूएट यांचे काही शिक्षण झाले होते. जो कोणी हा धातू स्वस्तात काढण्याची रीत शोधील, तो जगावर उपकार करील आणि स्वतःही धनवान होईल, असे ते एकदा वर्गात बोलून गेले. ते ऐकताच हॉलने शेजारच्या मित्राला सांगून टाकले, की हा धातू आपणच काढणार.

वर्गात असे मनसुबे पुष्कळ मुले करतात. हॉलने मात्र तो तडीस नेण्याचा ध्यास घेतला. १८८५ साली पदवी मिळाल्यावर त्याने घराच्या मागच्या अंगाला असलेल्या लाकडे साठविण्याच्या खोपटात आपली प्रयोगशाळा थाटली. उपकरणे विकत घेण्यास पैसा नव्हता. काही सामान प्राध्यापक ज्यूएट यांनी दिले आणि उरलेले त्याने स्वतः तयार केले. वीज हवी होती. पण त्या गावात वीज कोठून असणार? बरण्यांत जस्ताचे पत्रे व तीव्र आम्ले घालून त्याने एकामागून एक विद्युतघट सिद्ध केले. या कामी त्याची थोरली बहीण ज्यूलिया त्याच्या पाठीशी होती. तिनेही त्याच महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. आईच्या निधनानंतर घराचा भार तिच्यावर पडला होता. तो सांभाळून ती भावाचे प्रयोग पाही, त्यांविषयी त्याच्याशी बोले आणि कोणत्या दिवशी काय घडले हे ध्यानात ठेवी.

विजेने पदार्थाचे घटक वेगळे करता येतात, हे हॉलला ठाऊक होते. त्यासाठी पदार्थ पातळ स्थितीत असावा लागतो. त्याने प्रथम ॲल्युमिनिअमचा एक क्षार पाण्यात विरघळवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला. पण विजेने पाणीच फुटले! धातू निघण्याऐवजी हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागले. याचा अर्थ पाणी उपयोगाचे नव्हते. नुसता ॲल्युमिना वितळवावा, तर दोन हजार अंशांची उष्णता त्या खोपटात कोठून आणावी? मिठाचा खडा तव्यावर वितळत नाही, पण पाण्यात सहज विरघळतो. तसाच ॲल्युमिना ज्यात विरघळेल, पण जे स्वतः पाणी नसेल, असे एखादे द्रव्य शोधणे प्राप्त होते.

एकामागून एक पदार्थ मुशीत वितळवून हॉल पाहू लागला. अखेर १८८६ च्या फेब्रुवारीत क्रायोलाइटची पाळी आली. क्रायोलाइट हे बर्फासारखे दिसणारे खनिज असून त्या काळी ते ग्रीनलंडमध्ये खणून काढीत असत. ते सुमारे १००० अंशांवर वितळते. हॉलने ते वितळवून त्यात ॲल्युमिना टाकला आणि तो साखरेप्रमाणे विरघळून गेला.

अर्धी लढाई येथे जिंकली होती. परंतु विद्युत्प्रवाह सोडल्यावर मिळाला तो नुसता करडा थर. धातूचा पत्ता नव्हता. दोष कोठे असावा, याचा हॉलने विचार केला. मूस मातीची होती. तप्त क्रायोलाइट त्या मातीतील वाळूचा अंश विरघळवीत होते आणि तोच बाहेर पडत होता. तेव्हा त्याने मुशीला आतून कार्बनचे अस्तर दिले व पुन्हा सुरुवात केली. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी काही तास विद्युत्प्रवाह चालू ठेवून त्याने मूस थंड होऊ दिली आणि तिच्यातील गोळा फोडला. आत चांदीसारखे चमकणारे लहान लहान मणी होते! ते ओंजळीत घेऊन तो आपल्या गुरूंकडे धावला. त्या वेळी तो अवघा बावीस वर्षांचा होता. आपला सर्वांत मोठा शोध म्हणजे हॉल हा विद्यार्थी, असे प्राध्यापक ज्यूएट पुढे अभिमानाने सांगत असत.

परंतु समुद्रापलीकडे, फ्रान्समध्ये, आणखी एक तरुण याच वाटेने चालला होता. त्याचे नाव पॉल एरू. त्याचाही जन्म १८६३ सालचाच. पंधराव्या वर्षी दव्हीलचे पुस्तक वाचल्यापासून ॲल्युमिनिअमने त्याचे मन व्यापून टाकले होते. अभ्यासात त्याचे लक्ष लागेना. पॅरिसच्या खाणविद्येच्या शाळेतून त्याला बाहेर पडावे लागले. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचा कातडी कमाविण्याचा कारखाना त्याच्याकडे आला, तेव्हा तेथेच त्याने प्रयोग मांडले. त्यालाही क्रायोलाइट सापडले! हॉलचे नावही त्याने ऐकलेले नव्हते. २३ एप्रिल १८८६ रोजी त्याने फ्रान्समध्ये आपल्या रीतीचे पेटंट मागितले. हॉलचा अर्ज त्यानंतर, ९ जुलैला, अमेरिकेच्या कचेरीत दाखल झाला.

आता पहिला कोण? एरूने अमेरिकेतही हक्क मागितल्याने हा प्रश्न तेथील पेटंट कचेरीपुढे आला. तेथील कायद्याप्रमाणे, अर्ज आधी कोणी केला यापेक्षा शोध आधी कोणी लावला याला महत्त्व होते. पण खोपटातल्या त्या फेब्रुवारीच्या दिवसाला पुरावा कोणता? येथे ज्यूलिया पुढे आली. प्रयोग केव्हा आणि कसे झाले, याची साक्ष तिने दिली. घरच्या लोकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रेही उपयोगी पडली. त्यावरून २३ फेब्रुवारी ही तारीख सिद्ध झाली आणि १८८९ साली हॉलला पेटंट मिळाले. त्या कागदावर ज्यूलियाचे नाव नाही. प्रत्यक्ष शोधात तिचा वाटा किती होता, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तिच्या साक्षीवाचून हा हक्क भावाच्या पदरात पडणे अवघड होते, इतके मात्र निश्चित.

शोध लागला तरी पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. या धातूला दुर्बिणीच्या नळ्यांपलीकडे फारसा उपयोग नाही, असे एका अनुभवी फ्रेंच कारखानदाराने एरूला ऐकविले होते. शेवटी एरूची रीत स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइन नदीच्या धबधब्याजवळ आणि हॉलची रीत अमेरिकेत पिट्सबर्ग येथे, अशा दोन्ही ठिकाणी १८८८ सालीच सुरू झाल्या. हॉलच्या कारखान्याने पुढे नायगराच्या धबधब्याचा आश्रय घेतला. दोघांनाही धबधब्याची ओढ का, हे ध्यानात येण्यासारखे आहे. विद्युतघटांच्या विजेवर मणी निघतात. कारखाना चालविण्यास डायनॅमो हवा आणि डायनॅमो फिरविण्यास कोसळते पाणी स्वस्त पडते. काही वर्षांतच अमेरिकेत या धातूच्या पौंडाचा भाव एका डॉलरच्या खाली आला. राजाच्या मेजवानीतील धातू स्वयंपाकघरात शिरला. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा त्याच्या एंजिनाचा सांगाडा ॲल्युमिनिअमचा होता.

हॉल आणि एरू हे पेटंटाच्या कामात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. परंतु १९११ साली अमेरिकेत हॉलला रसायनशास्त्रातील एक मोठे पदक देण्यात आले, त्या समारंभासाठी एरू अटलांटिक महासागर ओलांडून मुद्दाम हजर राहिला. एकाच वर्षी जन्मलेले आणि एकाच वर्षी एकच शोध लावणारे हे दोघे एकाच वर्षी, १९१४ साली, मरण पावले. आजही या रीतीला दोघांची नावे जोडून 'हॉल-एरू पद्धती' म्हणतात.

या पद्धतीस शुद्ध ॲल्युमिना लागतो. तो मिळविण्याचा सोपा मार्ग कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने त्याच सुमारास रशियात शोधून काढला. ॲल्युमिनाचा मोठा साठा बॉक्साईट नावाच्या तांबूस दगडात असतो. फ्रान्समधील ले बो या गावाजवळ बेर्तिए याने १८२१ साली हा दगड प्रथम ओळखला, म्हणून त्याचे नाव तसे पडले. कारखान्यात हा दगड दळून कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात दाबाखाली शिजवितात. ॲल्युमिना विरघळतो आणि लोखंडाचा गंज व इतर घाण लाल चिखल होऊन खाली राहते. गाळून घेतलेल्या द्रावणात आधीच्या खेपेचे थोडे स्फटिक टाकतात. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार आहे! त्या स्फटिकांभोवती नवे स्फटिक जमतात. ते हजार अंशांहून अधिक तापविले म्हणजे पांढरा, कोरडा ॲल्युमिना तयार होतो.

यापुढील काम कुंडांत चालते. प्रत्येक कुंड पोलादी असून त्याला आतून कार्बनचे अस्तर असते. हॉलची ती मूसच जणू मोठी झालेली. आत सुमारे ९६० अंशांवर वितळलेले क्रायोलाइट खदखदत असते आणि वरून कार्बनचे ठोकळे त्यात सोडलेले असतात. ॲल्युमिना टाकून विद्युत्प्रवाह सुरू केला, की प्राणवायू या ठोकळ्यांकडे जातो व त्यांना झिजवीत कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. वितळलेला ॲल्युमिनिअम जड असल्याने तळाशी साचतो आणि तो वेळोवेळी ओढून घेतात. अशी शेकडो कुंडे ओळीने जोडलेली असतात व त्यांतून लाखो ॲम्पिअरचा प्रवाह रात्रंदिवस वाहत असतो. वीज काही तास बंद पडली तर कुंडातील रस थिजून दगड होतो, म्हणून कामगारांना डोळ्यांत तेल घालून पहारा करावा लागतो.

एक किलोग्रॅम धातूसाठी चार-पाच किलोग्रॅम बॉक्साईट आणि सुमारे चौदा युनिट वीज खर्ची पडते. दहा वॅटचा दिवा तेवढ्या विजेवर चौदाशे तास जळेल. म्हणूनच भारतात हा धातू प्रथम निघाला तो केरळमध्ये, १९४३ साली, आलुवा येथे. कारण तेथे पल्लिवासलच्या धबधब्याची वीज उपलब्ध होती. त्यानंतर १९६२ साली उत्तर प्रदेशात रिहंद धरणाजवळ रेणुकूट येथे मोठा कारखाना सुरू झाला.

महाराष्ट्रालाही निसर्गाने हे खनिज दिले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षानुवर्षे धो धो पाऊस पडतो. त्या पाण्याने लाखो वर्षे खडकातील विरघळणारे अंश वाहून गेले आणि लोखंड व ॲल्युमिना मागे राहिले. कोकणात घरे बांधण्यासाठी वापरतात तो जांभा दगड याच रीतीने झाला. जेथे ॲल्युमिनाचा अंश विशेष वाढला, तेथे बॉक्साईट झाले. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी या भागांतील पठारांवर ते आढळते आणि तेथील बॉक्साईट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात आले आहे. या पठारांवर पावसाळ्यात फुलांचे गालिचे पसरतात आणि पायथ्याच्या झऱ्यांना पाणी मिळते तेही तेथूनच. त्यामुळे कोठे खणावे आणि कोठे खणू नये, हा तेथे मोठ्या वादाचा प्रश्न होऊन बसला आहे. कारखान्याजवळ साठणाऱ्या लाल चिखलाचा प्रश्नही साधा नाही. हंगेरी देशात ऑइका येथे ऑक्टोबर २०१० मध्ये अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. दाहक लोंढा गावांत शिरला आणि दहा माणसे प्राणास मुकली.

दव्हीलच्या रीतीने जगात सुमारे पस्तीस वर्षांत मिळून दोनशे टनांच्या आसपास ॲल्युमिनिअम निघाला होता. आता एका वर्षात सात कोटी टनांच्या घरात निघतो. विमाने, रेल्वेचे डबे, विजेच्या तारा, खिडक्यांच्या चौकटी आणि औषधाच्या गोळ्यांची वेष्टने यांत तो जागोजागी आढळतो. लोखंडासारखा तो गंजून मातीमोल होत नाही. हवेतील प्राणवायू त्याच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि तो थरच आतील धातूचे रक्षण करतो. ज्या मिठीने शास्त्रज्ञांना इतकी वर्षे झुंजविले, तीच आता भांड्याच्या उपयोगी पडते.

घरातले जुने, पोचे पडलेले जर्मनचे पातेले भंगारवाल्याला देतात, तेव्हा ते फुकट जात नाही. त्याच्यातील धातू प्राणवायूपासून एकदा सुटलेला असतो. त्यासाठी पुन्हा कुंड पेटविण्याचे कारण नसते. ६६० अंशांवर तो वितळतो. खनिजापासून नवा धातू काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या शंभर भागांपैकी पाच भागांतच हे काम होते आणि भट्टीतून ओतलेला रस नव्या साच्यात शिरतो.